कमकम काकांची शिकवणी

शिकणाऱ्याला विचारायचे प्रश्न आपल्याकडे ठरलेले असत. पाढे म्हण पाहू. गुण किती मिळाले? पहिला कोण आला? शिकताना तुझे समाधान झाले का, असे मला तरी लहानपणी कुणी विचारल्याचे आठवत नाही. समाधान विचारायचे ते पंगतीत, पाहुणा ताटावरून उठण्यापूर्वी. म्हणून २०२० साली साथीमुळे शाळा-कॉलेजांना कुलपे लागली, मोबाइलच्या पडद्यावर वर्ग भरू लागले आणि सत्र संपताना मुलांपुढे प्रश्नावल्या येऊ लागल्या, तेव्हा मला मोठी मौज वाटली. ‘ऑनलाइन इंग्रजीच्या तासांनी तुमचे समाधान झाले काय? पूर्णपणे, थोडेफार, मुळीच नाही.’ जपानपासून तुर्कस्तानापर्यंत, जिथे म्हणून इंग्रजी ही परकी भाषा आहे, तिथे तिथे हाच प्रश्न विचारला गेला आणि त्यावर शोधनिबंधांचे ढीग पडले.

प्रश्न चांगलाच आहे. मात्र तो संगणकाबरोबर जन्माला आला, अशी जी समजूत दिसते ती खरी नव्हे. शिक्षक एका गावी, विद्यार्थी दुसऱ्या गावी आणि मधे इंग्रजी, हा संसार शंभर-सव्वाशे वर्षांचा जुना आहे. त्यात कोण सुखी झाले आणि कशामुळे, याची हकिकत प्रश्नावलीपेक्षा पुष्कळ रंगतदार आहे.

स्वीडनमधल्या हान्स हेर्मोड नावाच्या गृहस्थाने १८८६ साली पत्रांतून इंग्रजी शिकवायला आरंभ केला. पाठ टपालाने जायचा, विद्यार्थी उत्तरे लिहून धाडायचा, ती तपासून परत यायची. बारा वर्षांनी, १८९८ साली, माल्मो शहरात त्याने रीतसर संस्था काढली आणि पुढे ती जगातल्या मोठ्या पत्रशाळांपैकी एक झाली. १९०१ साली लंडनला लिंग्वाफोन निघाले. तबकडी लावावी आणि साहेबाचा आवाज घरबसल्या ऐकावा. सोय उत्तम, पण त्या यंत्राला तोंड होते, कान नव्हते. विद्यार्थ्याने कितीही वेडेवाकडे उच्चार केले तरी तबकडी आपली पुढचे वाक्य म्हणायला मोकळी.

आपल्याकडे कान नसलेला असा एक गुरू घरोघर होता, तो म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, असे करीत करीत कित्येक पिढ्या कचेरीत आणि कोर्टात जाऊन पोचल्या. त्या पुस्तकाविषयी म्हातारी माणसे कृतज्ञतेने बोलत, पण लाडाने बोलल्याचे मी ऐकलेले नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले. वाघिणीचे दूध माणूस पितो ते बळ यावे म्हणून. ते गोड लागले का, हे त्याला कोण विचारणार?

जिला गोडी म्हणता येईल अशी शिकवणी मला आढळली ती जपानात, आणि तीही त्या देशाच्या सगळ्यांत वाईट दिवसांत.

जपानात नभोवाणी सुरू झाली ती २२ मार्च १९२५ रोजी, टोकियोत. त्याच वर्षीच्या जुलैत तिच्यावरून इंग्रजीचे पाठ सुरू झाले. पाठ देणारे होते योशिसाबुरो ओकाकुरा. यांचे वडील बंधू काकुझो ओकाकुरा म्हणजे चहावरच्या त्या सुप्रसिद्ध छोट्या पुस्तकाचे कर्ते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते कलकत्त्यास येऊन टागोर घराण्याशी स्नेह जोडून गेले होते, म्हणून ते नाव आपल्याला अगदीच परके नाही. धाकट्या बंधूंचे पाठ विद्वत्तेचे होते. ते ऐकणारी मंडळी बरीचशी शिकलेली, शाळा-कॉलेजांतली. पुढे डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकेशी युद्ध पेटले आणि हे पाठ बंद पडले. इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. बेसबॉल तर जपान्यांचा जीव की प्राण, पण त्या खेळातले इंग्रजी शब्दसुद्धा हुडकून काढले आणि त्यांच्या जागी जपानी शब्द बसवले. चेंडू तोच, फळी तीच, पंचाने ओरडायचे मात्र जपानीत!

मग १५ ऑगस्ट १९४५ उजाडला. आपल्या स्वातंत्र्याच्या बरोबर दोन वर्षे आधीचा हा दिवस. दुपारी बारा वाजता सम्राट हिरोहितो यांचा मुद्रित केलेला आवाज रेडिओवरून आला. प्रजेने तो आवाज पूर्वी कधी ऐकलाच नव्हता. भाषा दरबारी, तीतले बरेचसे सामान्य माणसाला धड कळले नाही. कळले ते एवढेच की आपण हरलो. त्याच वेळी त्या शरणागतीच्या आज्ञापत्राचे इंग्रजी भाषांतर देशाबाहेरच्या जगासाठी वाचले जात होते. वाचणाऱ्याचे नाव तादाइची हिराकावा. हे नाव ध्यानात ठेवावे.

पराभवाच्या त्याच दिवशी एका पुस्तक-प्रकाशकाच्या डोक्यात निराळीच कल्पना आली. किकुमात्सु ओगावा हे त्याचे नाव. आता अमेरिकन येणार, लोकांना त्यांच्याशी बोलावे लागणार! दीड-पावणेदोन महिन्यांत त्याने बत्तीस पानांची जपानी-अमेरिकन संभाषणाची पुस्तिका बाजारात आणली आणि वर्ष संपेतो तिच्या छत्तीस लाखांच्या घरात प्रती खपल्या. जपानी पुस्तकव्यवसायातला हा उच्चांक पुढे छत्तीस वर्षे कुणाला मोडता आला नाही. १९८१ साली तो मोडला ‘तोत्तोचान’ने. तीच आगगाडीच्या डब्यातल्या शाळेची गोष्ट, जी मराठी घरांतूनही मोठ्या प्रेमाने वाचली जाते.

पण पुस्तिका ही गरज होती. ज्याच्या दारात उद्या परका सैनिक उभा राहणार, त्याने दोन वाक्ये पाठ केली तर त्यात समाधान शोधू नये. ते आले पुढल्या वर्षी.

टोकियोचे तेव्हाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. १० मार्च १९४५ च्या एका रात्रीच्या बाँबफेकीत सुमारे एक लाख माणसे गेली होती. घरे लाकडाची, ती जळून राख झाली होती. तांदूळ शिधापत्रिकेवर आणि तोही पुरा नाही. शहरातली माणसे अंगावरचे किमोनो विकायला खेड्यांत जात आणि त्या मोबदल्यात रताळी घेऊन येत. या अशा हिवाळ्यात, १ फेब्रुवारी १९४६ च्या संध्याकाळी सहा वाजता, रेडिओवर एक ओळखीची चाल वाजू लागली.

ही चाल होती एका बालगीताची. जपानात तानुकी नावाचा कोल्ह्याच्या कुळातला एक गुबगुबीत प्राणी असतो. किसाराझू गावच्या शोजोजी देवळाच्या आवारात चांदण्या रात्री हे तानुकी जमतात आणि आपल्याच पोटाचा ढोल करून बडवतात, अशी दंतकथा आहे. या कथेवर उजो नोगुची या कवीने गीत रचले, शिम्पेई नाकायामाने चाल दिली आणि १९२० नंतरच्या काळात ते घरोघर पोचले. आपल्याकडच्या बडबडगीतासारखे ते लहानथोरांना पाठ होते. त्या संध्याकाळी चाल तीच होती, शब्द मात्र इंग्रजी होते. या, या, सगळे या, असे काहीसे बोलावणे त्यांत होते. इंग्रजीतल्या ‘या’ला ‘कम’, म्हणून गाण्याच्या आरंभी ‘कम, कम’. शिकवणाऱ्याचे नाव पोरांनी तेच ठेवले, ‘कमकम काका’.

हे कमकम काका म्हणजेच ते हिराकावा. सहा महिन्यांपूर्वी ज्या आवाजाने पराभवाचे इंग्रजी वाचले, तोच आवाज आता मुलांना गाणे म्हणून बोलावीत होता. इतिहासात असे योग कादंबरीकाराला सुचत नाहीत.

हिराकावांची पूर्वकथा ऐकली म्हणजे त्यांच्या शिकवण्याचे मर्म उलगडते. जन्म १९०२ चा, ओकायामा प्रांतातला. वडील पोटासाठी अमेरिकेला गेलेले. १९१८ साली सोळा वर्षांचा तादाइची भावाबरोबर त्यांच्यामागे गेला. आधी रेल्वेवर अंगमेहनत केली. मग शिकायचे ठरले. पण इंग्रजी येत नाही, तर कोणत्या वर्गात बसणार? सिॲटलच्या प्राथमिक शाळेत, अगदी खालच्या वर्गात, लहान लहान पोरांच्या शेजारी हा सतरा वर्षांचा दांडगा मुलगा जाऊन बसला. पोरे जसे बोलत तसे बोलला, ती जी गाणी म्हणत ती म्हटली. तिथून चढत चढत वॉशिंग्टन विद्यापीठाची नाट्यशाखेची पदवी त्याने १९३१ साली मिळवली. १९३७ च्या सुमारास जपानच्या नभोवाणीत इंग्रजी निवेदक म्हणून त्याला काम मिळाले.

ज्याने सतराव्या वर्षी बालवर्गातल्या बाकावर बसून भाषा मिळवली, तो पुढे व्याकरणाची छडी हातात कशी घेईल? हिराकावांचे म्हणणे असे की, तान्हे मूल आईच्या तोंडाकडे बघत बघत बोलायला शिकते, तसे शिका. हा अभ्यास नव्हे, खेळ समजा. रोज पंधरा मिनिटे, सोमवार ते शुक्रवार. पाठातले संवाद त्यांनी स्वतः लिहिलेले, घरातले आणि शेजारपाजारचे, साध्या माणसांच्या तोंडी शोभणारे. सोबत छापील पुस्तिका मिळे. ऐकायला आई स्वयंपाक करता करता थांबे, धाकटी पोरे बाहेरचा खेळ टाकून येत, आजोबा कान लावून बसत. परीक्षा नाही, पदवी नाही, हजेरी नाही.

पत्रे मात्र आली, लाखोंनी आली. इतकेच नव्हे, तर श्रोत्यांनी आपण होऊन गावोगाव ‘कमकम क्लब’ काढले. कुणाच्या तरी घरी जमायचे, आज ऐकलेला संवाद आपापसांत म्हणून पाहायचा, चुकलो की हसायचे. मला या सगळ्या हकिकतीत हे क्लब फार मोलाचे वाटतात. रेडिओला कान नसतात. लिंग्वाफोनच्या तबकडीची उणीव त्यातही होतीच. ती उणीव लोकांनी स्वतः भरून काढली. काका बोलले, आणि ऐकायला शेजारी जमला. पत्राने काकांकडे बोलता आले, क्लबात एकमेकांशी.

इथे एक गोष्ट मनाला बोचते, ती बाजूला सारता येत नाही. ज्यांनी आपली गावे जाळली, त्यांची भाषा शिकताना माणसांना आनंद कसा झाला? काही म्हणतील, जेत्यापुढे लवण्याचीच ही एक तऱ्हा. आपल्या पूर्वजांनी पेशवाई बुडाल्यावर इंग्रजी शाळांत नावे घातली, त्यांच्याविषयीही असेच बोलले गेले आहे. सैन्याच्या नोकरीसाठी, चॉकलेटसाठी, काळ्या बाजारासाठी इंग्रजी हवे असणारे लोक टोकियोत होतेच. पण त्यासाठी कुणी तानुकीचे गाणे म्हणत नाही. मला वाटते, त्या पंधरा मिनिटांत लोकांना इंग्रजीपेक्षा निराळे काहीतरी मिळत होते. चार वर्षे ज्या रेडिओने युद्धाच्या घोषणा दिल्या, हवाई हल्ल्याचे इशारे दिले आणि शेवटी शरणागती ऐकवली, त्या खोक्यातून कुणीतरी हसून बोलत होते. आणि गंमत अशी की इंग्रजी शब्दांखालची चाल आपलीच होती! वाघिणीचे दूध या काकांनी घरच्या वाटीतून दिले.

यातले किती जण खरोखर इंग्रजी बोलू लागले? माझा समज असा, की बहुतेकांची मजल अभिवादन, हवापाणी आणि चहा यांपलीकडे फारशी गेली नसावी. समाधान आणि प्रावीण्य ही सख्खी भावंडे नव्हेत. हल्लीच्या प्रश्नावल्यांचा उपयोग करताना हे विसरले जाते. विद्यार्थी खूश आहे यावरून तो शिकला असे सिद्ध होत नाही. पण तो नाखूश असेल, तर उद्या सहा वाजता तो रेडिओपाशी येणार नाही हे नक्की. वर्गातल्या मुलाला बाकावर डांबून ठेवता येते, दूरच्या विद्यार्थ्याला फक्त ओढ धरून ठेवते.

नंतरच्या काळात पंडितांनी हेच शास्त्राच्या भाषेत सांगितले. हेर्मोडच्या त्या संस्थेचे पुढे संचालक झालेले बॉर्ये होल्मबर्ग म्हणत, की दूरच्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेला पाठ हा गप्पांसारखा असावा, वाचताना समोर कुणी बसले आहे असे वाटावे. नॉर्वेचे तोर्स्टाइन रेक्केडाल यांनी १९७० नंतरच्या दशकात एका पत्रशाळेत साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांच्या वह्या लवकर तपासून धाडल्या, काहींच्या नेहमीप्रमाणे सावकाश. ज्यांना उत्तर लवकर मिळाले त्यांच्यापैकी अधिक जणांनी अभ्यासक्रम पुरा केला. अमेरिकेतले मायकेल मूर यांनी तर सांगितले, की शिक्षक-विद्यार्थ्यांमधले अंतर मैलांत मोजायचेच नसते, ते संवादाच्या उणिवेत मोजायचे. १९८९ साली त्यांनी विद्यार्थ्याच्या तीन गाठीभेटी सांगितल्या: पाठाशी, शिक्षकाशी आणि सोबतच्या विद्यार्थ्यांशी. जळक्या टोकियोतल्या बायाबापड्यांनी यातली तिसरी भेट त्रेचाळीस वर्षे आधीच घडवून आणली होती.

इतर ठिकाणची हकिकत थोडक्यात सांगतो. बी.बी.सी.चे इंग्रजीचे नभोवाणी-पाठ १९४३ पासूनचे. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने १९ ऑक्टोबर १९५९ पासून खास शिकाऊ श्रोत्यांसाठी सुमारे दीड हजार सोप्या शब्दांत, संथ लयीत बातम्या द्यायला आरंभ केला. चीनमध्ये १९८२ साली ‘फॉलो मी’ ही इंग्रजीची दूरचित्रवाणी-मालिका आली. कॅथी फ्लॉवर ही इंग्रज शिक्षिका आणि हू वेनझोंग हे चिनी प्राध्यापक ती सादर करीत. देश नुकता दारे उघडत होता, दूरचित्रवाणी संच चाळीत एखादाच, तरी कोट्यवधी लोक ती पाहू लागले आणि कॅथीबाईंचा चेहरा साऱ्या देशाच्या ओळखीचा झाला. २००९ मध्ये बांगलादेशात बी.बी.सी.ने ‘जानाला’, म्हणजे खिडकी, या नावाने मोबाइलवर इंग्रजीचे पाठ दिले. तीन हजार हा आकडा फिरवायचा आणि तीन मिनिटांचा धडा ऐकायचा. रिक्षावाल्यापासून गृहिणीपर्यंत कुणालाही खिशातून शाळा काढता येत होती.

साधने बदलत गेली. टपाल, तबकडी, नभोवाणी, दूरचित्रवाणी, मोबाइल. २०२० च्या टाळेबंदीत तर यंत्राला तोंड, कान आणि डोळे, तिन्ही एकदम मिळाले. आता तरी विद्यार्थी तृप्त व्हावा! आमच्या शेजारची आठवीतली मुलगी माजघरात फोन भिंतीला टेकवून इंग्रजीच्या तासाला बसे. पडद्यावर चाळीस चौकोन, त्यांतले पस्तीस काळे, सगळ्यांचे आवाज बंद. बाई बोलत, मुले ऐकत किंवा ऐकत नसत. तास झाला की ती उठून जाई, काय शिकलीस म्हटले तर ‘नेटवर्क नव्हते’ हे उत्तर ठरलेले. एके दिवशी मात्र ती पळतच आमच्याकडे आली. बाईंनी तिचे नाव घेऊन तिला एक परिच्छेद वाचायला लावला होता, एका शब्दाचा उच्चार दोनदा म्हणवून घेतला होता आणि ‘आता बरोबर’ असे म्हटले होते. तो शब्द तिने आम्हा सगळ्यांना म्हणून दाखवला. पुढचे चार दिवस ती तासाला पाच मिनिटे आधी बसलेली मी पाहिली. प्रश्नावली त्या आठवड्यात आली असती, तर तिने ‘पूर्णपणे’वर खूण केली असती.

कमकम काकांचा तो कार्यक्रम फेब्रुवारी १९५१ मध्ये सरकारी नभोवाणीवरून थांबला. त्यांच्या जागी आलेल्या तोरू मात्सुमोतो यांनी १९७२ पर्यंत तो धागा चालवला. काका मात्र त्याच वर्षाच्या डिसेंबरात नव्याने निघालेल्या खासगी रेडिओवर गेले आणि १९५५ पर्यंत तिथे शिकवीत राहिले. १९९३ साली ते वारले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये जपानच्या दूरचित्रवाणीवर रोज सकाळी एक कौटुंबिक मालिका लागू लागली. तिचे नाव त्या गाण्याच्या आरंभीच्या इंग्रजी शब्दांवरूनच ठेवले होते. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांच्या बायका रेडिओवरून इंग्रजी शिकतात, अशी शंभर वर्षांची गोष्ट. आजीचे गाव ओकायामा, म्हणजे हिराकावांच्याच प्रांतातले. बाप मिठाईवाला, आणि तिचा जन्म लेखिकेने घातला आहे २२ मार्च १९२५ रोजी, टोकियोची नभोवाणी पहिल्यांदा बोलली त्या दिवशी.